व्याह्यांचा ट्रॅक्टर, गुप्ते सरांचा पास्कल

प्रभाकर गुप्ते सरांनी आयुष्यात मोठे निर्णय कधी घेतलेच नाहीत. लग्न आईने ठरवलं, नोकरी मामाने लावली, धामणकर नाक्याजवळचा फ्लॅट बायकोने निवडला आणि निवृत्ती वयाने आली. त्यांचे जे काही घोटाळे झाले ते सगळे लहानसहान निर्णयांतून. त्या रविवारी शेलार गावी व्याह्यांच्या अंगणात पाऊल टाकताना त्यांनी असाच एक बारीकसा निर्णय घेतला. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीची पँट, हातात मिठाईचा पुडा अशा थाटात ते ट्रॅक्टरपाशी थांबले आणि म्हणाले, "बघू जरा."

सरांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांचा आवडता धडा 'द्रव आणि दाब'. तो ते इतका रंगवून शिकवत की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा शांत झोपत. मात्र चौतीस वर्षांत त्यांनी प्रत्यक्षात दुरुस्त केलेली वस्तू एकच, न्हाणीघरातला गळका नळ. तो पुन्हा कधी गळला नाही. (त्यातून पुन्हा कधी पाणीच आलं नाही.) पण ज्ञान वेगळं आणि नळ वेगळा, असं सरांचं ठाम मत होतं. जगातली निम्मी यंत्रं अडाणी माणसांच्या हाती पडल्यामुळे बिघडतात, असंही एक मत होतं, आणि ते बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर हल्ली कायम एकच माणूस असे. व्याही हिरामण केणे.

सरांची मुलगी रुचिरा हिरामणच्या मुलाच्या, कुणालच्या, प्रेमात पडली आणि दीड वर्षापूर्वी लग्न करून शेलारला गेली. सर पुरोगामी होते. जातपात अजिबात मानत नव्हते. (हे ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्यालाच शंका यावी.) त्यांची तक्रार निराळी होती. हिरामणची बहुतेक जमीन गोडाऊनवाल्यांना भाड्याने दिलेली, कुणालचे दापोड्याला ट्रक, घरात कशाची ददात नाही, आणि तरीही हिरामणने घरामागची एक एकर हट्टाने शेतीसाठी राखून ठेवलेली. बरं, ठेवली तर ठेवली. पण आता ती एकर रुचिराने ताब्यात घेतली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी गुडघाभर चिखलात भात लावते, हे सरांना सांगवत नसे; कोणी विचारलं की ते "ती सध्या मृदा-परीक्षणात आहे" असं सांगत.

हिरामणला, सरांच्या मते, दोनच गोष्टी येत होत्या: जमीन भाड्याने देणं आणि गप्प बसणं. दुसरी गोष्ट सरांना स्वतःला येत नसल्यामुळे ते तिला गुण धरत नव्हते.

तर त्या दिवशी सरांच्या खिशात एक कागद होता. ठाण्याच्या एका कॉलेजात लेक्चररची जागा निघाली होती. अर्ज सरांनीच भरला होता, अगदी 'छंद' या रकान्यात 'वाचन' लिहिण्यापर्यंत. रुचिराची सही तेवढी हवी होती, आणि मुदत सोमवारची. जेवण झाल्यावर विषय काढायचा असा बेत होता. मासे पोटात गेले की माणसाचा विरोध मवाळ होतो, हा सरांनी स्वतःवरून काढलेला निष्कर्ष होता.

पण अंगणात पाहतात तर रुचिरा ट्रॅक्टरवर! ओढणी कमरेला खोचलेली, कपाळावरून घाम निथळतोय आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगशी झोंबाझोंबी चाललेली. इंजिन धडधडत होतं, बॉनेटखालून कुईंऽऽ असा बारीक रडका आवाज येत होता आणि पुढची चाकं जागची हलायला तयार नव्हती. हिरामण एक हात गळ्यातल्या पट्टीत अडकवून शेजारी उभा होता. त्याच्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"पावर स्टेरिंग जड झालाय, सर," हिरामण म्हणाला. "दोन दिस झाले."

"माझ्याच्याने वळतच नाही," रुचिरा इंजिन बंद करून खाली उतरली. "आणि पप्पांना डॉक्टरांनी चमचासुद्धा उचलू नका म्हटलंय."

(सासऱ्यांना ती पप्पा म्हणते, हे सरांना दीड वर्ष झालं तरी दाताखाली खडा यावा तसं लागत होतं.)

"मग मेकॅनिक?"

"देवेश मंगलवारी येनार," हिरामण म्हणाला. "कुनाल दापोड्याला, त्याचा कंटेनर आलाय. आन् वालाला तर आजच नांगर फिराया पायजे. भात कापलंय, जमिनीत ओल हाय ती आज हाय. मंगलवारपर्यंत सगली उडून जाईल."

"वाल गेला तर या वर्षी मी काय केलं ते विचारू नका मला," रुचिरा म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. ती हसून म्हणाली खरी, पण सरांना तो आवाज ओळखीचा वाटला. दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी असाच होता.

तेव्हा सर म्हणाले, "बघू जरा."

"अहो, तुम्ही नका बघू," ओट्यावरून माधवीबाई म्हणाल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यामुळे त्यांना नळ, मिक्सर, इस्त्री आणि देवघरातली दिव्यांची माळ असा सगळा इतिहास पाठ होता. "जेवून घ्या आधी. हौसाताईंनी कालवण केलंय."

"माधवी, हे हायड्रॉलिक्स आहे," सर म्हणाले. 'तुला काय कळणार' हे शब्द त्यांनी तोंडाने उच्चारले नाहीत, भुवयांनी उच्चारले.

व्याहीण हौसा दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "टायरात हवा बघा आदी."

सरांना ही सूचना इतकी बाळबोध वाटली की ते हसले. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी पुढच्या चाकाला हळूच लाथ मारून पाहिली. हवा व्यवस्थित होती. त्यांच्या पायाला लागलं.

"आता ऑइल पाहू," ते जरा लंगडत म्हणाले. बॉनेटखाली स्टिअरिंगच्या तेलाचा छोटा डबा होता. झाकण उघडून सरांनी आत डोकावलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज पसरलं. तेल ताकासारखं फेसाळलं होतं.

"हवा!" सर ओरडले. "तेलात हवा शिरलीय! रुचिरा, पास्कलचा नियम सांग."

"बाबा, आत्ता?"

"सांग."

"बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो."

"द्रवावर! हवेवर नाही! तेल दबत नाही, हवा दबते. तू स्टिअरिंग फिरवतेस तेव्हा पंपाची सगळी ताकद चाकाऐवजी बुडबुडे दाबण्यात जाते. म्हणून आवाज, म्हणून जड." सरांनी हिरामणकडे वळून पाहिलं. "ही हवा काढली की संपलं. दोन दिवस तुम्ही काय बघत होतात?"

आता हे कबूल करायलाच हवं की सर बरोबर होते. शंभर टक्के बरोबर. आणि पुढचा सगळा अनर्थ त्यामुळेच झाला. माणूस पहिल्या वाक्यात चुकला असता तर कोणीतरी थांबवला असता.

"पण बाबा, हवा आत शिरली कुठून?" रुचिराने विचारलं. "बंदिस्त आहे ना?"

हा प्रश्न वर्गात कोणी विचारला असता तर सरांनी त्याला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. पण आता ते घाईत होते. "ते नंतर. पाना आणा."

हिरामणने डाव्या हाताने पान्यांचा डबा पुढे सरकवला. पुढच्या दांड्याशी चाकं वळवणारा एक सिलिंडर होता, आणि त्याला दोन जाड रबरी पाइप आले होते, एक एका टोकाला, दुसरा दुसऱ्या. हवा काढायची तर हे पाइप सोडायचे, असं सरांनी ठरवलं. (नुसते सैल केले असते तरी चाललं असतं. पण सरांना अर्धवट काम आवडत नसे.) ते ट्रॅक्टरखाली उताणे झोपले. पांढरा शर्ट अंगणातल्या धुळीला टेकला तसा ओट्यावरून एक उसासा ऐकू आला.

पहिली दहा मिनिटं नट उलटा पिळण्यात गेली. मग हौसाने "तिकडं न्हाय, हिकडं" असं सांगितलं, आणि सर "मला माहीत आहे" असं म्हणून तिने सांगितलं तिकडे पिळू लागले. एक पाइप सुटला. दुसरा सुटला. "आता स्टिअरिंग फिरव!" सरांनी खालून हुकूम सोडला.

"बाबा, तुम्ही आधी बाजूला व्हा."

"फिरव म्हणतो ना!"

रुचिराने फिरवलं. पास्कल खरा ठरला. तेलाची चिळकांडी सर्व दिशांना सारखीच उडाली, आणि त्या सगळ्या दिशांना गुप्ते सर होते.

हौसाने आत जाऊन जुनं फडकं आणलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी चष्मा पुसला, त्यामुळे आतापर्यंत अंधुक दिसणारं जग दिसेनासंच झालं. त्याच अवस्थेत ते पाइप जोडायला पुन्हा खाली शिरले.

"कनचा पाइप कुठं व्हता ध्यानात हाय ना, सर?" हौसाने वाकून विचारलं.

सरांना हसू आवरेना. ट्रॅक्टरखालूनच ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हौसाताई, दोन्ही पाइप सारखे. जाडी सारखी, लांबी सारखी. आणि आत्ताच रुचिराने काय सांगितलं? दाब सर्व दिशांना सारखा! मग कुठला पाइप कुठे, याने काय फरक पडतो?"

हौसा सहावी शिकली होती. तिने हिरामणकडे पाहिलं. हिरामणने आकाशाकडे पाहिलं.

पाइप जोडून झाले. हात धुवायच्या निमित्ताने सरांनी रुचिराला आत पिटाळलं आणि साबण आणायला सांगितलं. त्यामागे एक हिशेब होता. पोरीने परत यावं, तर बाप ट्रॅक्टरवर बसलेला दिसावा, स्टिअरिंग एका बोटाने फिरवत. मग पुढचा विषय, म्हणजे खिशातल्या कागदाचा, काढणं सोपं जाणार होतं. ज्या बापाने ट्रॅक्टर बरा केला तो चिखलाविरुद्ध बोलला तर निदान अडाणीपणाने बोलतो असं कोणी म्हणणार नाही.

डब्यात नवं तेल ओतून सर वर चढले. हिरामण म्हणाला, "सर, मी सांगतो तसं..." पण सरांनी वर्गात हात करायचे तसा तळवा दाखवला आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टर धडधडला. सरांनी स्टिअरिंगवर तर्जनी ठेवली. फिरलं! लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं.

"बघितलंत?" सर विजयाने ओरडले. त्यांची नजर स्टिअरिंगवर होती. हौसाची नजर पुढच्या चाकांवर होती.

"अवो सर, ह्यो तर उलटा..."

"टाळ्या नंतर, हौसाताई!"

आणि सरांनी ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला.

ट्रॅक्टर चालवण्याचा सरांचा अनुभव शून्य होता. पण घरी चारचाकी होती, आणि ट्रॅक्टरलाही चाकं चारच होती. सगळ्यात खालचा गिअर पडल्यामुळे तो मुंगीच्या पावलाने निघाला. समोर अंगण. डावीकडे फाटक. उजवीकडे बांबूच्या दांड्यांवर हौसाने दाटीवाटीने वाळत टाकलेले बोंबील आणि त्यापलीकडे, कुंपण काढून टाकल्यामुळे उघडं पडलेलं, शेजारच्या गोडाऊनचं आवार. सरांना फाटकाकडे जायचं होतं. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

ट्रॅक्टर उजवीकडे वळला.

"अरेच्चा," सर म्हणाले, आणि त्यांनी आणखी डावीकडे वळवलं. ट्रॅक्टर आणखी उजवीकडे गेला. सरांनी जीव तोडून डावीकडे पिळलं. ट्रॅक्टरने बोंबलांचा रस्ता धरला.

हा अपघात इतका सावकाश झाला की त्यात भाग घ्यायला सगळ्यांना वेळ मिळाला. हिरामण एका बाजूने चालत होता, हौसा दुसऱ्या बाजूने, आणि ओट्यावरून उतरून माधवीबाईसुद्धा सहज गाठू शकल्या.

"उजवीकडे फिरवा!" हिरामण म्हणाला.

"उजवीकडेच तर चाललाय!" सर ओरडले.

"म्हनूनच उजवीकडे!"

हे सरांना निव्वळ अडाणीपणाचं बोलणं वाटलं. त्यांनी पाय काढला. गाडी थांबली पाहिजे! पण ट्रॅक्टरचा वेग हाताच्या दांडीने ठरवून ठेवलेला असतो, पायाने नाही. ट्रॅक्टर चालतच राहिला. सरांनी ब्रेक दाबला. उजव्या पायाखाली ब्रेकच्या दोन पट्ट्या होत्या, डाव्या चाकाची वेगळी आणि उजव्या चाकाची वेगळी. नांगराच्या कामासाठी त्या सुट्या ठेवलेल्या होत्या. सरांच्या बुटाखाली नेमकी उजवी आली. ट्रॅक्टरने जागेवर एक गिरकी घेतली आणि तो बोंबलांच्या मधोमध शिरला.

पहिली दांडी छातीला लागली. दुसरी डोक्यावरून गेली. तिसरी सोबतच निघाली. बोंबील सरांच्या खांद्यावर, कानावर, चष्म्याच्या काडीत अडकले. शर्टाच्या खिशातूनही एकाने तोंड बाहेर काढलं.

"माझे बोंबील!" हौसा ओरडली.

"माझे बोंबील!" माधवीबाई तिच्याहून मोठ्याने ओरडल्या. त्यातले निम्मे आज त्यांना घरी न्यायला मिळणार होते. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यासाठी त्यांच्या तोंडून असा आर्त स्वर कधी निघाला नव्हता.

"किल्ली काढा!" माधवीबाईंनी सांगितलं.

सरांनी किल्ली फिरवली. काढली. हातात धरली. ट्रॅक्टर चालूच. सरांनी किल्लीकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे. विज्ञानावरचा विश्वास माणसाच्या चेहऱ्यावरून कसा उतरतो, ते त्या क्षणी कोणालाही बघता आलं असतं. (जुन्या डिझेल इंजिनाला किल्लीचं काही देणंघेणं नसतं. ते बंद करायला एक नॉब ओढावा लागतो. हिरामण हे सांगत होता. पण सर त्याचं कधी ऐकत नव्हते, आणि आता इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.)

गोडाऊनच्या आवारात खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी उठला. अंगावर बोंबील पांघरलेला, तेलाने काळवंडलेला एक म्हातारा, हातात किल्ली उंच धरून, पायी चालणाऱ्या तीन माणसांच्या लवाजम्यासह ट्रॅक्टरवरून येत होता. पहाऱ्यावर असताना काही वेगळं घडलं की काय करायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. त्याने रजिस्टर उघडलं.

"अंकल, इनवर्ड है कि आउटवर्ड?"

"थांबवा!" सर म्हणाले.

"हां, रुकेगा. पहले गाडी नंबर बोलो. माल क्या है?"

"बोंबील!" माधवीबाई मागून म्हणाल्या.

पहारेकऱ्याने तसं लिहिलं. ट्रॅक्टर त्याच्यासमोरून शांतपणे आत गेला आणि कडेला आडव्या टाकलेल्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकच्या गुंडाळीवर चढला. काचसामान गुंडाळायचं ते प्लास्टिक. फट् फट् फटाफट् असा लग्नाच्या वरातीत शोभेल असा आवाज सुरू झाला. सरांना वाटलं, इंजिन फुटलं. त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात कोणीतरी मागून धावत आलं, पायरीवर उडी मारून चढलं, आणि सरांच्या हाताखालून आलेल्या हाताने एक नॉब खस्सकन ओढला. धडधड थांबली. शेवटचा एक बुडबुडा फुटला. फट्.

"बाबा," रुचिरा म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात अजून साबण होता. "लागलं का कुठे?"

सरांनी मान हलवली. दोन बोंबील खाली पडले.

रुचिरा उतरली, पुढच्या चाकांशी गेली, वाकली, आणि तिने दोन्ही पाइपांवरून बोट फिरवलं. मग ती मटकन खाली बसली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. "पाइप उलटे लागलेत. डाव्याचा उजव्याला. तुम्ही डावीकडे फिरवलंत तेवढा तो उजवीकडे जाणार. बाबा, दाब सगळीकडे सारखा असतो, पण सिलिंडर एका बाजूने ढकलला तर एकीकडे जातो आणि दुसऱ्या बाजूने ढकलला तर दुसरीकडे!"

"ते मला ठाऊक आहे," सर म्हणाले. त्यांना खरोखरच ठाऊक होतं. चौतीस वर्षांपासून. एवढंच की आजपर्यंत ते फळ्यावर होतं.

"पाना," रुचिराने हात पुढे केला.

आणि गुप्ते सरांनी पाना दिला. नुसता दिला, सूचना न देता. माधवीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गोडाऊनच्या आवारातच, पहारेकरी "आउटवर्ड कितने बजे?" असं दर पाच मिनिटांनी विचारत असताना, रुचिराने पाइप अदलाबदल करून लावले. मग ती डब्यापासून पंपाकडे जाणारी बारीक नळी बोटाने चाचपत गेली. मघाचा प्रश्न तिने सोडला नव्हता. नळीची पट्टी सैल झाली होती आणि तिथूनच हवा ओढली जात होती. तिने पट्टी आवळली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहाबारा वेळा फिरवलं, तेल वाढवलं, पुन्हा फिरवलं. बॉनेटखालचा रडका आवाज हळूहळू बंद झाला. सर शेजारी उभे राहून पाहत होते. तिच्या नखांत ग्रीस भरलं होतं, पण हाताची पद्धत त्यांना ओळखीची वाटली. प्रयोगशाळेत ब्युरेट धरताना ती अशीच एकाग्र व्हायची.

तिसऱ्या प्रहरी जेवणं झाली. (कालवण अप्रतिम होतं. तोंडी लावायला बोंबील नव्हते, आणि त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, हे सरांना फार टोचलं.) मग रुचिरा नांगर जोडून शेतात उतरली. सर आणि हिरामण बांधावर बसले. तीन बाजूंना गोडाऊनचे उंच पत्रे आणि मध्ये ती एकर. ट्रॅक्टर सरळ जात होता, टोकाला सहज वळत होता, परत येत होता, आणि मागे ओली काळी माती उलगडत होती. प्रत्येक फेरीला रुचिरा बांधाकडे बघून हात हलवी. सरांनी पहिल्या दोन फेऱ्यांना हात हलवला नाही. तिसऱ्या फेरीला हलवला.

"ह्या तुकड्यालाबी गोडाऊनवाले मागं लागलेत," हिरामण म्हणाला. "मी म्हातारा झालो, देनारच व्हतो. पोर म्हनाली, पप्पा मना द्या. तिला दिला."

सर काही बोलले नाहीत. दीड वर्षात पहिल्यांदा ते आणि हिरामण एकाच विषयात निपुण दिसत होते.

दिवस मावळायच्या आत नांगरट झाली. रुचिरा येऊन बांधावर टेकली, पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, आणि सरांच्या छातीकडे बघून म्हणाली, "बाबा, खिशातला कागद ऑइलने पार भिजलाय. महत्त्वाचा होता का?"

सरांनी तो काढला. 'छंद: वाचन' एवढंच कसंबसं वाचता येत होतं, आणि त्याला बोंबलाचा वास येत होता.

"वाणसामानाची यादी," सर म्हणाले, आणि त्यांनी त्याची घडी घालून पुन्हा खिशात ठेवली.

निघताना सगळे फाटकापर्यंत पोचवायला आले. आणि तिथे अघटित घडलं. हिरामण आपण होऊन बोलला.

"सर, येक गोष्ट बोलू का? दोन दिस आमी सगले त्या ट्रॅक्टरला टकटक करीत बसलो. हवा हाय, हे कोनाच्या डोक्यात न्हाय आलं. तुमी झाकन उघडलं आन् सांगितलं. ह्याला शिक्षन म्हनतात."

सरांची छाती एवढी फुगली की सुकलेल्या तेलाने कडक झालेला शर्ट कुरकुरला. त्यांनी माधवीबाईंकडे पाहिलं, रुचिराकडे पाहिलं, पहारेकरी दिसत असता तर त्याच्याकडेही पाहिलं असतं. "पास्कल," ते नम्रपणे म्हणाले. "सगळं श्रेय त्याचं. पुन्हा काही बिघडलं तर निःसंकोच बोलवा."

"बोलवनार तर," हिरामण म्हणाला. मग तो जरा घुटमळला. सुटा हात त्याने सरांच्या खांद्यावर ठेवला. "फकस्त पुढल्या टायमाला डोकं घेऊन या, सर. हात तेवडे घरी ठेवून या."

कोणी हसलं नाही. हौसाने मात्र काळजीने विचारलं, "आवो, असं काय बोलता? मंग जेवतील कशानं?"

हिरामणने या प्रश्नाचा नीट विचार केला.

"बरं," तो म्हणाला. "जेवनापुरते आना."